पार्कवे गाडीतून उरकू नका

वॉशिंग्टनच्या आसपास, व्हर्जिनियात किंवा मेरीलँडमध्ये, मुलांकडे काही महिन्यांसाठी आलेल्या मराठी आईवडिलांना पहिल्या पंधरवड्यात जी ठिकाणं दाखवली जातात, त्यांत माउंट व्हर्नन हमखास असतं. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं घर बघायचं, नदीकडे तोंड केलेल्या लांबलचक ओसरीत थोडं टेकायचं आणि परतताना ‘पोटोमॅकच्या काठाकाठानं जाऊ, रस्ता सुंदर आहे’ म्हणत गाडी जॉर्ज वॉशिंग्टन मेमोरियल पार्कवेवर घालायची, असा हा ठरलेला बेत. साधारण पाऊण तासात तो पंचवीस मैलांचा, म्हणजे चाळीसेक किलोमीटरचा रस्ता संपतो. उजव्या हाताला झाडांच्या फटींतून पाणी चमकतं, एक विमान डोक्यावरून जातं, स्मारकांचे कळस दिसतात आणि कॅपिटल बेल्टवे या शहराभोवतीच्या वळसामार्गाची पाटी येते. पार्कवे ‘झाला’ असं समजून पुढच्या शनिवारी दुसरं काहीतरी. या लेखाचं म्हणणं असं की, असा उरकलेला पार्कवे जवळजवळ न पाहिल्यासारखाच आहे. तो पायी किंवा सायकलवरून, एका वेळी एकच तुकडा, असा बघायला हवा. ही केवळ चालण्याची आवड असणाऱ्यांची हौस नाही. रस्ता कसा बांधला गेला, पुढे त्याचं काय झालं आणि त्याचा कुठला भाग कधी बांधलाच गेला नाही, हे नीट पाहिलं की याच निष्कर्षाला यावं लागतं.

सुरुवात रस्त्याच्या कितीतरी आधी होते. जॉर्ज वॉशिंग्टनचं निधन १७९९ मध्ये झालं आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत घराची पार रया गेली. माउंट व्हर्नन लेडीज असोसिएशन या महिलांच्या संस्थेनं १८५८ मध्ये ते दोन लाख डॉलरला घेण्याचा करार केला. आजही ते सरकारच्या नव्हे, त्याच संस्थेच्या ताब्यात आहे. लोक दर्शनाला जावं तसे तिथे जात, पण बोटीनं. जमिनीवरचा रस्ता चिखलाचा होता. १८८० च्या दशकात अलेक्झांड्रियाच्या नागरिकांनी राजधानी ते माउंट व्हर्नन असा राष्ट्रीय मार्ग हवा म्हणून उचल खाल्ली, १८८९ मध्ये काँग्रेसनं पाहणीसाठी पैसे दिले आणि लष्करी अभियंता पीटर हेन्स यानं मार्ग आखलाही. प्रत्यक्षात आली ती १८९२ ची विजेवर चालणारी ट्रॉली. वॉशिंग्टन शहराची फेरआखणी करणाऱ्या १९०२ च्या मॅकमिलन आराखड्यानं ही कल्पना पुन्हा वर आणली आणि तरीही आणखी पंचवीस वर्षं काही घडलं नाही. अखेर वॉशिंग्टनची दोनशेवी जयंती १९३२ मध्ये येते आहे, हे निमित्त कामी आलं. १९२८ मध्ये कायदा झाला, १९२९ मध्ये काम सुरू झालं आणि १९३२ मध्ये माउंट व्हर्ननपासून आर्लिंग्टन मेमोरियल ब्रिजपर्यंतचा सुमारे पंधरा मैलांचा ‘माउंट व्हर्नन मेमोरियल हायवे’ खुला झाला. ट्रॉली त्याच वर्षी बंद पडली.

त्या वेळच्या आखणीकारांनी काय केलं, हे समजून घेतल्याशिवाय पार्कवेची चव कळत नाही. न्यूयॉर्कजवळ वेस्टचेस्टर परगण्यात ब्राँक्स नदीच्या काठानं १९२५ मध्ये पूर्ण झालेला पार्कवे त्यांच्यासमोर होता आणि तिथे काम केलेले गिल्मोर क्लार्क सल्लागार म्हणून इथे आले. घाणीनं भरलेली नदी साफ करायची, दोन्ही काठांची जमीन बाग म्हणून ताब्यात घ्यायची आणि तिच्यातून एक नागमोडी रस्ता न्यायचा, ही मूळ कल्पना ब्राँक्सची. पोटोमॅकवर तीच मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. रस्त्यापेक्षा कितीतरी रुंद पट्टा विकत घेतला गेला, म्हणजे कडेला दुकानं, पेट्रोल पंप, जाहिरातींचे फलक उभे राहू नयेत. वळणं अशी लांब आणि हळू घेतली की दर थोड्या अंतरानं नदी नव्या कोनातून समोर यावी. पुलांना दगडी तोंडं दिली. झाडं लावली, तीही रांगेत नव्हे, आपोआप उगवल्यासारखी. ट्रकना बंदी, ती आजही आहे. आणि मध्ये अलेक्झांड्रिया हे जुनं गाव येत होतं तिथे, शहराशी १९२९ मध्ये करार केला की वॉशिंग्टन स्ट्रीट या मुख्य रस्त्याचं रूप स्मारकाला शोभेल असंच राखायचं. १९४६ मध्ये अलेक्झांड्रियानं जुन्या गावाच्या रक्षणासाठी जो नियम केला, अमेरिकेतल्या अगदी पहिल्या अशा नियमांपैकी एक, त्यामागे या रस्त्याची काळजी होती. एका रस्त्यामुळे आख्खं गाव जपलं गेल्याची उदाहरणं फार नाहीत.

आता इथेच पहिला आक्षेप उभा राहतो आणि तो वजनदार आहे. रस्ता जर गाडीतून बघण्यासाठीच आखला गेला असेल, वळण न् वळण चालत्या गाडीच्या काचेतून दिसणाऱ्या देखाव्याचा विचार करून बसवलं असेल, तर गाडी सोडून पायी जा म्हणणं म्हणजे आखणीकारांचाच अपमान नाही का? याचं उत्तर पुढच्या तीस वर्षांत आहे. १९३० मध्ये सिनेटर आर्थर कॅपर आणि काँग्रेसमन लुइस क्रॅम्टन यांच्या नावानं झालेल्या कायद्यानं पार्कवेची व्याप्ती दोन्ही काठांवर, वर थेट ग्रेट फॉल्सच्या धबधब्यापर्यंत आणि खाली मेरीलँडमधल्या फोर्ट वॉशिंग्टनपर्यंत वाढवली. पण पैसा तुटपुंजा होता, मग मंदी आली, मग महायुद्ध. उत्तरेचा भाग युद्धानंतर तुकड्या-तुकड्यानं झाला. स्पाउट रनपासून लँगलीपर्यंतचा तुकडा १९५९ मध्ये आणि तिथून बेल्टवेपर्यंतचा १९६२ मध्ये पूर्ण झाला. लँगलीला सीआयएचं मुख्यालय १९६१ मध्ये सुरू झालं. दक्षिणेकडे त्याआधीच, १९४१ मध्ये, नदीत भराव टाकून विमानतळ झाला होता आणि त्यासाठी रस्ता पश्चिमेला सरकवावा लागला होता. थोडक्यात, रविवारी सकाळी रमतगमत फिरण्यासाठी केलेला रस्ता नोकरीवर जाण्या-येण्याचा रस्ता बनला. १९३२ च्या गाडीच्या वेगाला जे वळण देखावा उलगडून दाखवत होतं, त्याच वळणावर आज चालकाचं सगळं लक्ष पुढच्या गाडीच्या लाल दिव्यावर असतं. बहुतेक ठिकाणी रस्त्याला कडेची मोकळी पट्टी नाही, मनात आलं म्हणून थांबता येत नाही, आणि थांबूही नये. ज्याच्यासाठी देखावा रचला तो चालक तो बघूच शकत नाही, अशी स्थिती झाल्यावर आखणीकारांच्या हेतूशी इमान राखायचं तर त्यांचा वेग आपणच परत मिळवायला हवा. तो वेग आज फक्त पायवाटेवर आणि सायकलवर मिळतो.

दुसरा पुरावा याहून ठळक आहे. पार्कवेच्या कायद्यानं ज्या जमिनी घेतल्या, त्यांतल्या सगळ्यांवर रस्ता झाला नाही. ग्रेट फॉल्सपर्यंत व्हर्जिनियाच्या बाजूनं रस्ता कधीच पोचला नाही. मेरीलँडच्या बाजूला चेन ब्रिजपासून कार्डरॉकपर्यंतचा लहान तुकडा झाला. तोच १९८९ पासून रेडक्रॉसवाल्या क्लारा बार्टन यांच्या नावानं ओळखला जातो. फोर्ट वॉशिंग्टनकडचा भाग तर कागदावरच राहिला. पोटोमॅकचं सगळ्यात रौद्र आणि सगळ्यात निवांत रूप नेमकं या न झालेल्या रस्त्यांच्या जागी आहे. मेरीलँडच्या काठानं जाणाऱ्या चेसापीक आणि ओहायो कालव्याची गोष्ट या संदर्भात माहीत असावी. कंबरलँडपासून जॉर्जटाउनपर्यंत १८४.५ मैलांचा हा कालवा निकामी झाल्यावर सरकारनं १९३८ मध्ये घेतला आणि पुढे त्याच्या काठानं मोटारींचा पार्कवे करायची योजना निघाली. १९५४ च्या जानेवारीत ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं अग्रलेखातून तिला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी वृत्तपत्राला पत्र लिहून संपादकांना आव्हान दिलं: माझ्याबरोबर हा संपूर्ण काठ चालून बघा आणि मग बोला. मार्चमध्ये डग्लस खरोखर कंबरलँडहून चालत निघाले, पत्रकार आणि निसर्गप्रेमींचा ताफा बरोबर, आणि आठ दिवसांत वॉशिंग्टनला पोचले. वृत्तपत्रानं भूमिका बदलली, योजना बारगळली आणि १९७१ मध्ये कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. वाद घालण्यासाठी त्यांनी विरोधकांना चालायला बोलावलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण काठाचं मोल काचेआडून ठरवता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तर मग चालायचं कुठून? पार्कवेला लागून दोन मुख्य वाटा आहेत आणि दोघींचे स्वभाव अगदी वेगळे. माउंट व्हर्नन ट्रेल ही डांबरी वाट माउंट व्हर्ननपासून थिओडोर रूझवेल्ट बेटापर्यंत सुमारे अठरा मैल जाते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नागरिकांच्या रेट्यामुळे ती खडीच्या वाटेच्या रूपात सुरू झाली. म्हणजे मूळ आराखड्यात नसलेली पायवाट चालणाऱ्यांनी मागून घेतली. तिथून वर बेल्टवेच्या पुलापर्यंत पोटोमॅक हेरिटेज ट्रेलचा सुमारे दहा मैलांचा भाग आहे. तो मातीचा, खडकांचा आणि सायकलला बंद.

दक्षिणेच्या टोकाला माउंट व्हर्ननचं तिकीट वेगळं, वाटेला तिकीट नाही. घर बघणार असाल तर वॉशिंग्टनच्या समाधीजवळ, झाडीत असलेल्या गुलामांच्या दफनभूमीपर्यंत जरूर जा. वॉशिंग्टन वारले तेव्हा या जहागिरीवर ३१७ माणसं गुलामीत होती. त्यांच्यासाठीचं स्मारक हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या आराखड्यानुसार १९८३ मध्ये झालं. इथून निघालेली वाट पहिले काही मैल चढ-उताराची आहे, सायकल नवी शिकलेल्यांनी इथून सुरुवात करू नये. लाकडी पूल पावसानंतर आणि पानगळीत निसरडे होतात. तिथे उतरून चालावं. फोर्ट हंट या बागेत सहलीची टेबलं आणि स्वच्छतागृहं आहेत. दुसऱ्या महायुद्धात याच ठिकाणी जर्मन युद्धकैद्यांची गुप्त चौकशी चाले आणि बाहेरच्या जगाला ते फक्त ‘पोस्ट बॉक्स ११४२’ या पत्त्यानं माहीत होतं.

यापुढची डाइक मार्श ही जागा मात्र मी कुणालाही सगळ्यात आधी सुचवेन. बेल हेवनच्या वाहनतळावरून हॉल रोड नावाची सपाट, मैलाहून कमी लांबीची वाट पाणथळीत शिरते. पोटोमॅक इथे समुद्रापासून दूर, तरी भरती-ओहोटी जाणवते. गोड्या पाण्याची पातळी दिवसातून दोनदा साधारण तीन फुटांनी वर-खाली होते. ओहोटीच्या वेळी गेलात तर चिखलाचा काळा, ओला पट्टा उघडा पडलेला दिसतो, त्यावर बगळ्यांच्या पावलांचे ठसे आणि काठावर बीव्हरनं पेन्सिलीसारखं टोक काढून कुरतडलेले बुंधे. पुढे पाणकणसांची दाटी, आणि उन्हाळ्यात त्यांच्या टोकांवर लाल खांद्याचे काळे पक्षी झुलत ओरडत असतात. ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी मार्चपासून घरटी बांधायला येतो. वाट शेवटी लाकडी फळ्यांच्या पुलावर संपते आणि समोर पाण्यात दगडांचा एक बांध दिसतो. या बांधात सगळी कथा आहे. कित्येक दशकं या दलदलीखालची वाळू आणि खडी उपसून नेली जात होती; तुम्ही ज्या वाटेवरून चालत आलात तीच त्या ट्रकची वाट. काँग्रेसनं १९५९ मध्ये जागेला संरक्षण दिलं तरी उपसा १९७२ पर्यंत चालूच राहिला. उपशामुळे दलदलीला लाटांपासून आडोसा देणारा भूभाग गेला आणि ती उपसा थांबल्यानंतरही वर्षाला दीड-दोन एकर वेगानं झिजत राहिली. २०१२ च्या सँडी वादळानंतर मिळालेल्या निधीतून हा बांध घातला गेला, म्हणजे त्याच्या आडोशाला गाळ बसून दलदल पुन्हा वाढावी. वाळूउपशानं नदीचं काय होतं हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. इथे फरक एवढाच की नुकसान भरून काढायचा प्रयत्न डोळ्यांसमोर उभा आहे, आणि गाडीतून जाणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. दुर्बीण असेल तर आणा. डासांचं मलम मे ते सप्टेंबर आणाच.

अलेक्झांड्रियात वाट गावातल्या रस्त्यांवरून जाते. दक्षिणेला जोन्स पॉइंटचा १८५५ चा दीपस्तंभ आणि राजधानीची मूळ हद्द ठरवताना १७९१ मध्ये बसवलेला पहिला दगड, दोन्ही एका जागी बघता येतात. गावात जेवून घ्या, कारण उत्तरेकडे खाण्याची सोय विरळ आहे. पुढे ग्रॅव्हली पॉइंट लागतं. धावपट्टीच्या टोकाला लागून असलेलं हे हिरवळीचं मैदान, लहान मुलांचं हमखास आवडतं. इथे एक गोष्ट बघून निघावं ती म्हणजे वारा. दक्षिणेचा वारा असेल तेव्हा विमानं उत्तरेकडून नदीवरून वळत येऊन अगदी डोक्यावरून उतरतात. उत्तरेचा असेल तर ती इथून वर जाताना दिसतात. पहिलं दृश्य जास्त थरारक. तान्ह्या बाळांना मात्र आवाज सहन होत नाही.

कोलंबिया बेटावरचं लेडी बर्ड जॉन्सन पार्क मार्चअखेर पिवळ्या डॅफोडिल्सनी भरतं. तिथून नदीपलीकडचं लिंकन स्मारक आणि वॉशिंग्टनचा मनोरा बघायला मिळतात, चेरीची फुलं बघायला लोटलेल्या गर्दीत न शिरता. ट्रेलच्या शेवटी थिओडोर रूझवेल्ट बेट. ८८.५ एकरांचं हे बेट १९३१ मध्ये रूझवेल्ट यांच्या चाहत्यांच्या संस्थेनं घेतलं आणि राष्ट्राला दिलं. जुन्या वाड्याच्या पडक्या भिंती आणि माजलेलं रान काढून फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड धाकटे यांनी तिथे मुद्दाम एक नैसर्गिक वाटेल असं जंगल लावलं. यादवी युद्धात याच बेटावर कृष्णवर्णीय सैनिकांच्या पहिल्या पलटणींपैकी एकीनं कवायत केली होती. मध्यभागी १९६७ मध्ये उभारलेला सतरा फुटी पुतळा आहे, पण ज्येष्ठांना घेऊन जाण्याचं खरं कारण दलदलीवरची लांब, सपाट लाकडी वाट. बेटावर सायकल नेता येत नाही, पुलाजवळ लावून ठेवावी लागते.

इथून वर नदीचा चेहरा बदलतो. पिडमाँटचा कठीण खडक आणि किनारपट्टीची मऊ माती जिथे भेटतात ती रेषा ओलांडून पोटोमॅक येते. त्यामुळे दोन्ही बाजूंना कडे उभे राहतात आणि पार्कवे नदीपासून बराच उंचावर जातो. गाडीतून सगळ्यात देखणा मानला जाणारा हा भाग. दोन ठिकाणी गाडी थांबवून खाली बघायची दगडी सज्जासारखी सोय आहे. पण उन्हाळ्यात झाडांची भिंत इतकी दाट असते की नदी जेमतेम दिसते. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत, पानं झडल्यावर, या कड्यांचा खरा आकार उघडा होतो. थंडी आहे म्हणून घरात बसणाऱ्यांनी हाच भाग थंडीसाठी राखून ठेवावा. खाली उतरायचं तर टर्की रन पार्क किंवा आर्लिंग्टनमधली विंडी रनची वाट. पोटोमॅक हेरिटेज ट्रेल इथे ओढे ओलांडत, मधूनच हात टेकून खडक चढत जाते. पाऊस होऊन गेल्यावर काही टप्पे पाण्याखाली जातात. गुडघे दुखणाऱ्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये, टर्की रनच्या वरच्या भागात फिरावं. एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात इथल्या नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर व्हर्जिनिया ब्लूबेल्सच्या निळ्या फुलांचा गालिचा पसरतो. तो जेमतेम पंधरा दिवस टिकतो.

आणि शेवटी ग्रेट फॉल्स, पार्कवेनं न गाठलेलं टोक. व्यवस्थापन पार्कवेचंच, पण जायचं जॉर्जटाउन पाइक या जुन्या अरुंद रस्त्यानं. इथे पोटोमॅक मैलभरापेक्षा कमी अंतरात ७६ फूट खाली कोसळते आणि मग मेदर गॉर्ज या चिंचोळ्या घळीत शिरते. तीन निरीक्षणस्थळांपैकी दुसरं आणि तिसरं चाकाच्या खुर्चीनंही गाठता येतं. तिथे एक खांब उभा आहे, त्यावर पुराच्या खुणा वर्षानिशी लावल्या आहेत: १९३६, १९४२, १९७२, १९८५, १९९६. तुम्ही कड्याच्या माथ्यावर, पाण्यापासून कितीतरी उंच उभे आहात अशा समजुतीत असता आणि १९३६ ची पाटी तुमच्या डोक्याच्याही वर असते. पाच मिनिटं त्या खांबाशी थांबा, मग घळीकडे पाहा. एवढं पाणी इथून कसं गेलं असेल याचा अंदाज येतो आणि इथे पाण्यात उतरायला सक्त बंदी का आहे तेही कळतं. पाणी वरून संथ दिसतं, खाली ओढ जीवघेणी आहे, आणि इथे दर काही वर्षांनी नव्हे, वारंवार माणसं बुडतात. जवळच पटोमॅक कालव्याचे अवशेष आहेत. धबधब्याला वळसा घालून बोटी नेण्यासाठी वॉशिंग्टन यांनी १७८५ मध्ये स्वतः अध्यक्ष होऊन काढलेल्या कंपनीचं हे काम. इथले पाण्याचे जिने १८०२ मध्ये सुरू झाले, तोवर ते हयात नव्हते. कड्यात सुरुंगानं फोडलेली शेवटची खिंड अजून जशीच्या तशी आहे. ज्याच्या नावानं पार्कवे आहे त्याची नदीविषयीची तळमळ समजायची तर माउंट व्हर्ननच्या ओसरीइतकीच ही खिंड महत्त्वाची, आणि तिथे चालतच जावं लागतं. प्रवेशशुल्क गाडीमागे आहे. तेच तिकीट सात दिवस आणि पलीकडे मेरीलँडच्या बाजूलाही चालतं. सुटीच्या दिवशी सकाळी दहाच्या आत पोचा, नंतर फाटकाची रांग रस्त्यावर येते.

आता उरलेले आक्षेप. घरात सत्तरीचे आईवडील आहेत, त्यांना मैलोन्‌मैल कसं चालवणार? चालवूच नका. डाइक मार्श, रूझवेल्ट बेट आणि ग्रेट फॉल्सची दोन निरीक्षणस्थळं मिळून जे दिसतं ते एकूण फार चालण्याचं नाही, आणि तीन वेगळ्या दिवशी केलं तर कुणालाच जड नाही. गाडी हवीच, पण तिचं काम तुम्हाला वाटेच्या तोंडाशी सोडण्याचं. वेळच नाही, असं म्हणणाऱ्यांना हिशेब उलटा सांगायला हवा: पंचवीस मैल गाडीतून जाण्यात जो पाऊण तास जातो, जवळपास तेवढ्याच वेळात हॉल रोडची वाट जाऊन-येऊन पूर्ण होते. माउंट व्हर्नन ट्रेल रस्त्याला लागून जाते, गाड्यांचा आवाज सतत कानावर पडतो, ही तक्रार मात्र खरी आहे. विमानतळ ते अलेक्झांड्रिया या भागात ती विशेष जाणवते. शांतता हवी असेल तर तो भाग सायकलवर झपाट्यानं काढावा आणि पायी चालणं बेल हेवनच्या दक्षिणेला किंवा रूझवेल्ट बेटाच्या उत्तरेला ठेवावं. जुलै-ऑगस्टचा दमट उकाडा पुण्या-नाशिकच्या माणसाला कोकणाची आठवण देईल असा असतो. तेव्हा सकाळी आठच्या आधी निघणं हाच उपाय.

काही गोष्टी निघण्याआधी ठाऊक हव्यात. ग्रॅव्हली पॉइंट आणि रूझवेल्ट बेट या दोन्ही ठिकाणच्या वाहनतळांत फक्त उत्तरेकडे जाणाऱ्या बाजूनं शिरता येतं. चुकलात तर मागे वळायला बरंच पुढे जावं लागतं. म्हणून गाडीचा दिवस नेहमी दक्षिणेकडून उत्तरेकडे आखावा. गाडी नसेल तरी अडत नाही: रॉसलिन मेट्रो स्थानकाहून रूझवेल्ट बेट चालत गाठता येतं, विमानतळाच्या स्थानकाजवळून ट्रेलला लागता येतं आणि हंटिंग्टन स्थानकाहून माउंट व्हर्ननला बस जाते. भाड्याच्या सायकलींची ठाणी अलेक्झांड्रिया ते रॉसलिन पट्ट्यात आहेत. वाटेवर उजवीकडून चाला. आपल्याला डावीकडची सवय, आणि मागून ‘ऑन युअर लेफ्ट’ अशी हाक आली की दचकून डावीकडेच सरकणं होतं. सायकलवाले तिकडूनच येत असतात, धडका तशाच होतात. गवतात गोचीड असते आणि तिच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होतो. पूर्ण बाह्या, पूर्ण पाय झाकणारे कपडे घाला, घरी आल्यावर गुडघ्याच्या मागे, कानांमागे, कमरेशी तपासा आणि अंगावर गोल लाल चट्टा उठला तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. तीन-तीन पानांच्या चकचकीत वेलीला हात लावू नका, ती पॉयझन आयव्ही असते आणि अंगाला आठवडाभर खाज सुटते. थंडीत पिण्याच्या पाण्याचे नळ बंद असतात. उत्तरेच्या भागाची मोठी दुरुस्ती, रस्ता बांधल्यापासूनची पहिलीच म्हणण्याइतकी मोठी, २०२२ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी २०१९ मध्ये पावसाचं पाणी वाहून नेणारी जुनी गटार खचून रस्त्यालगत भगदाडच पडलं होतं. अशा कामांमुळे मार्गिका आणि वाहनतळ बंद असू शकतात, तेव्हा नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर सूचना बघूनच निघा.

आणि खरोखर एकच दिवस हाताशी असेल, तर माउंट व्हर्नन दुसऱ्या खेपेसाठी ठेवा. सकाळी ओहोटीची वेळ बघून बेल हेवन, तिथून अलेक्झांड्रियात जेवण, दुपारी वारा दक्षिणेचा असेल तर ग्रॅव्हली पॉइंटवर अर्धा तास, आणि उन्हं कलायला लागली की रूझवेल्ट बेटावरच्या लाकडी वाटेवर. ग्रेट फॉल्सला मात्र या दिवसात बसवू नका, त्याला त्याचा स्वतंत्र दिवस द्या.